हल्ली काय चालतं?

नावं ठेवणं हा आपल्याकडे निंदेचा प्रकार समजला जातो. इंग्रजीवाले मात्र कौतुकानं नावं ठेवतात, आणि तीही हमखास पैसा देणाऱ्या वस्तूला. गिल्ट-एज्ड, ब्लू चिप, कॅश काऊ! लोह्यासारख्या गावी बँकेच्या काउंटरमागं बसून हे शब्द ऐकले की वाटतं, जगात पैसा बुडतच नसावा. फक्त तो लोह्यापर्यंत यायला विसरतो, इतकंच.

आता या नावांची कुळकथा पाहू. गिल्ट म्हणजे सोन्याचा मुलामा. विलायतेत सरकारी कर्जरोख्यांच्या कागदाला सोनेरी कडा असायची, त्यावरून हा शब्द आला असं सांगतात. आपल्याकडे सोनेरी कडा लग्नपत्रिकेला असते, आणि ती हमखास खर्चाची खूण असते! पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, ब्रिटिश सरकारनं ५ टक्के व्याजाचं युद्धकर्ज उभारलं. १९३२ साली तेच व्याज साडेतीन टक्क्यांवर आणलं आणि लोकांना देशप्रेमाची आठवण करून दिली. बहुतेकांनी मुकाट्यानं मान डोलावली. उरलेलं मुद्दल फिटलं ते २०१५ साली. एवढी मुदतवाढ आमच्या शाखेत कुणी मागितली असती, तर मॅनेजरसाहेबांना तिथंच पाणी पाजावं लागलं असतं.

ब्लू चिपची कथा तर थेट जुगाराच्या अड्ड्यावरची. पोकरच्या खेळात पैशांऐवजी चकत्या लावतात. त्यांत निळी चकती सगळ्यांत महाग. अमेरिकेत डाऊ जोन्स कंपनीतल्या ऑलिव्हर गिंगोल्ड या गृहस्थानं १९२३च्या सुमारास महागड्या शेअरना हा शब्द लावला असं म्हणतात. म्हणजे जो शेअर सगळ्यांत भरवशाचा, त्याचं बारसं पत्त्यांच्या टेबलावर! पुढं १९२९ साली न्यूयॉर्कचा बाजार कोसळला तेव्हा निळ्या चकत्यांचा रंगही उतरला.

राहिली कॅश काऊ. १९७० साली बोस्टनच्या एका सल्लागार कंपनीत ब्रूस हेंडरसन यांनी धंद्यांचे चार वर्ग पाडले. त्यांतला एक वर्ग गाईचा. जिच्यावर नवा खर्च फारसा करायचा नाही, नुसतं दूध काढायचं, ती कॅश काऊ. आमच्या भागातल्या शेतकऱ्याला हे सांगून पाहा. तो आधी तुमच्याकडे आणि मग तुमच्या पायांतल्या बुटांकडे बघेल. कारण इथली गाय लाल कंधारी. रंगानं देखणी, उन्हाला दाद न देणारी, पण दूध बेताचंच. तिची खरी कमाई म्हणजे तिच्या पोटचे बैल. आमच्याच तालुक्यात माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. तिथं घोडे, गाढवं, उंट यांच्या जोडीला हे जनावरही मिरवतं. नांगर बैलांवर होता तोवर लाल कंधारी जोडी दावणीला असणं म्हणजे मुदतठेव होती. ट्रॅक्टर आला आणि ठेवीवरचं व्याज घटलं. चारा मात्र तेवढाच लागतो.

आपणही नावं ठेवण्यात मागं नाही. कापसाला पांढरं सोनं म्हटलं. १९७२ साली राज्यात एकाधिकार खरेदी सुरू झाली तेव्हा या सोन्याला सरकारी सराफही मिळाला. पुढं ती खरेदी संपली, नांदेडची उस्मानशाही मिलही बंद पडली, आणि रानात सोयाबीन पसरलं. त्याला अजून कुणी पिवळं सोनं म्हणालं की माझ्या पोटात गोळा येतो. सोनं म्हटलं की भाव पडतो, असा माझा अनुभव आहे.

पण या सगळ्यांत मला आवडतो तो आपला 'चलनी नाणं' हा शब्द. ज्या नटाच्या नावावर तिकिटं खपतात तो चलनी नाणं. मराठवाड्यात या शब्दाला खास धार आहे, कारण आम्ही चलनी नाणंच बंद झालेलं पाहिलं. निजामाच्या राज्यात इंग्रजी रुपयाला 'कलदार' म्हणत आणि निजामाच्या रुपयाला 'हाली'. हाली म्हणजे सध्याचा, चालू! १९४८ साली पोलीस ॲक्शन झाली. मग भारतीय रुपया आला आणि ७ हालीला ६ रुपये असा हिशेब बसला. दर जुनाच, पण ज्यानं पोटाला चिमटा घेऊन ७०० साठवले होते, त्याच्या हाती ६०० मोजले गेले. वजाबाकी त्यालाही येत होती; पण ते गेलेले १०० नुसते आकड्यातले, हे त्याच्या बायकोला कोण समजावणार? १९५९ साली हाली कायद्यानंही बाद झाला. ज्यांनी चांदीचे रुपये गाडग्यात पुरले होते त्यांना सराफानं चांदीचा तरी भाव दिला. ज्यांनी नोटा जपून ठेवल्या, त्यांच्याकडे निजामाच्या राज्याची आठवण तेवढी उरली. ते चलन सांभाळायला १९४१ साली जी बँक निघाली, ती पुढं स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली आणि २०१७ साली मोठ्या स्टेट बँकेत विरघळली.

हाली आणि आपलं 'हल्ली' हे एकाच घरातले शब्द. हाली गेला, हल्ली राहिलं. म्हणून काउंटरवर कुणी विचारलं, "साहेब, हमखास पैसा कशात?" की मी इंग्रजी शब्दांच्या वाटेला जात नाही. एवढंच म्हणतो, "हल्ली तरी यात आहे बघा. पण सगळा एकाच गाडग्यात पुरू नका."