सोनेरी किलीचं गाव

मुंबई-वसई पट्ट्यातल्या शोभिवंत माशांच्या दुकानांत ‘गोल्डन वंडर किली’ नावाचा बोटभर लांबीचा सोनेरी मासा मिळतो. घेणाऱ्याला तो परदेशी वाटतो, आणि शेजारच्या टाकीतल्या आफ्रिकी किली माशांबरोबर त्याचीही एक जोडी एकाच पिशवीत बांधून घरी नेली जाते. पण या माशाचं कूळ इथलंच आहे. शास्त्रात त्याला ॲप्लोकायलस लिनिएटस म्हणतात. ज्या माशांवरून या जातीचं पहिलं शास्त्रीय वर्णन लिहिलं गेलं, ते मासे मुंबईचे होते.

बोर्दोचा व्यापारी झाँ-जाक द्युस्युमिए एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जहाज घेऊन हिंदी महासागरात फेऱ्या करत असे. व्यापाराच्या मालाबरोबर तो मासे, पक्षी, कवची प्राणी यांचे नमुने पॅरिसच्या निसर्गेतिहास संग्रहालयासाठी नेई. त्या काळी तिथे क्युव्हिए आणि व्हालांसिएन ‘माशांचा निसर्गेतिहास’ या प्रचंड ग्रंथमालेचं काम करत होते. १८२८ मध्ये पहिला खंड निघाला. १८३२ मध्ये क्युव्हिए गेले, तरी व्हालांसिएन यांनी काम थांबवलं नाही, १८४९ पर्यंत त्यांनी बावीस खंड पुरे केले. १८४६ च्या अठराव्या खंडात त्यांनी आपल्या माशाला ‘पँचॅक्स लिनिएटम’ असं नाव दिलं आणि ठिकाण म्हणून मुंबई नोंदवली. यातला ‘पँचॅक्स’ आला बंगालकडून. हॅमिल्टन यांनी १८२२ च्या गंगेतल्या माशांवरच्या ग्रंथात या माशाच्या एका भावंडाला ते नाव दिलं होतं.

हा मासा राहतो साध्यासुध्या पाण्यात. ओढा, भातखाचर, तळं, विहीर, खाडीकडचं मचूळ पाणी, सगळं त्याला चालतं. पाठ सपाट, तोंड वर वळलेलं, नजर सतत पाण्याच्या पृष्ठभागावर. डोक्याच्या माथ्यावर एक चमकता ठिपका असतो, त्यामुळे काठावरून वाकून पाहिलं की मासा दिसायच्या आधी तो ठिपका दिसतो. नराच्या अंगावर सोनेरी ठिपक्यांच्या ओळी, मादीच्या अंगावर उभे काळे पट्टे. पूर्ण वाढला की दहा सेंटिमीटरपर्यंत जातो. डासांच्या अळ्या हे त्याचं आवडतं खाणं.

याच खाण्यामुळे तो सरकारी कागदपत्रांत आला. १९११ मध्ये डॉ. चार्ल्स बेंटली यांनी मुंबईतल्या हिवतापाची चौकशी करून अहवाल दिला. हिवताप पसरवणारा ॲनोफिलिस स्टीफेन्सी हा डास शहराच्या विहिरींत वाढतो, हे त्यात पुढे आलं. पुढच्याच वर्षी कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधून सिवेल आणि चौधरी यांनी डासांच्या अळ्या खाणाऱ्या भारतीय माशांवर पुस्तिका काढली. डासांवरचा उपाय आपल्याच पाण्यात पोहत होता. पण पुढे भर पडला तो बाहेरच्या माशांवर. दक्षिण अमेरिकेतला गप्पी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आला, अमेरिकेतला गँबुसिया १९२८ मध्ये. गप्पी मासे पैदास केंद्रं महाराष्ट्रात आजही चालतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर गटारांपासून विहिरींपर्यंत गप्पी सोडले जातात. अंडी घालणाऱ्या देशी माशाच्या मानाने पिल्लं देणारे हे मासे फार भराभर वाढतात. गँबुसिया तर दुसऱ्या माशांची अंडी आणि पिल्लंही खातो. देशी किलीची जागा अशी हळूहळू आकसत गेली.

त्याच सुमाराला युरोपात तिची वेगळीच कथा सुरू झाली होती. विसाव्या शतकाच्या आरंभी हॅम्बुर्गसारख्या बंदरांत खलाशी आणि कप्तान पूर्वेकडून, आफ्रिकेकडून जिवंत मासे डब्यांत घालून आणत आणि हौशी लोक ते विकत घेत. आपल्या लिनिएटसची छोटी नातलग ॲप्लोकायलस ब्लॉकी हिला १९११ मध्ये शास्त्रीय नाव मिळालं. ते नाव अशाच एका कप्तानाच्या, ब्लॉक यांच्या आडनावावरून पडलं. लिनिएटसही काचेच्या टाक्यांत रुळली. पाण्यावर तरंगणाऱ्या बुचाला लोकरीच्या धाग्यांचा झुबका बांधून सोडला की मादी त्या धाग्यांत रोज थोडी थोडी अंडी घालते. ती वेचून वेगळ्या भांड्यात ठेवली की साधारण दोन आठवड्यांत पिल्लं बाहेर येतात. या सोप्या पद्धतीमुळे पिढ्यांमागून पिढ्या घरात वाढवता आल्या. त्यातून उजळ पिवळी पिल्लं निवडून निवडून सोनेरी वाण तयार झाला. तोच आज दुकानात ‘गोल्डन वंडर’ म्हणून परत आपल्यापुढे येतो.

पण घराघरांत मासे वाढू लागले तसा एक घोळही वाढला. किली मासे छोटे, नर झगमगीत, म्हणून एकाच टाकीत चार-पाच जाती ठेवायचा मोह प्रत्येकाला होतो. पण बऱ्याच जातींच्या माद्या करड्या-तपकिरी आणि एकसारख्या दिसतात. नर परक्या मादीमागेही लागतो, अंडी पडतात, पिल्लं होतात, आणि दोन पिढ्यांत कोण कुणाचं हे सांगता येईनासं होतं. डेन्मार्कचे सैन्याधिकारी यॉर्गन शील यांनी हा प्रश्न नीट हाती घेतला. वेगवेगळ्या ओढ्यांतले मासे त्यांनी जोड्या लावून वाढवले, त्यांची गुणसूत्रं मोजली. दिसायला जुळे वाटणारे मासेही आतून इतके निराळे निघाले की त्यांची संतती वांझ निपजत होती. १९६८ मध्ये त्यांचा ‘रिव्ह्युलिन्स ऑफ द ओल्ड वर्ल्ड’ हा ग्रंथ आला. काळजीपूर्वक किली पाळणाऱ्यांत आज जी शिस्त दिसते, तिला असा भक्कम आधार मिळाला: एका टाकीत एकच जात, आणि जातीच्या नावापुढे ती जिथे धरली त्या गावाचं नाव.

आपल्याकडे चौलचा माणूस चौलकर होतो आणि चार पिढ्या दुसरीकडे राहूनही चौलकरच राहतो. किलीच्या नावापुढचं गाव हे तसंच काम करतं. मूळचा ओढा बुजला, तरी ते कूळ कुठलं होतं हे टाकीवरच्या चिठ्ठीतून कळतं.

मग वसईच्या एखाद्या घरातल्या दोन फुटी, पन्नासेक लिटरच्या टाकीत दोन जातींच्या किली एकत्र ठेवाव्यात का? आधी तोंड पाहावं. लिनिएटसचा जबडा मोठा. चार सेंटिमीटरची आफ्रिकी क्लाउन किली तिच्यापुढे ठेवणं म्हणजे तिला खाणं घालणं. मग नातं पाहावं. एकाच प्रजातीतल्या दोन जाती, जसं आपली लिनिएटस आणि १९८६ मध्ये गोव्याहून वर्णिलेली छोटी किर्चमायरी, कधीही एकत्र नकोत. ब्लॉकी आणि क्लाउन किली आकाराने जवळच्या आणि कुळाने लांबच्या आहेत. भरपूर तरंगत्या वनस्पती दिल्या तर त्या शेजारी नांदू शकतात, फक्त अंडी आणि पिल्लं वेगळ्या डब्यात वाढवायची. नोथोब्रँकियससारखे वर्षायू मासे डबक्याच्या चिखलात अंडी घालतात. डबकं आटलं तरी अंडी मातीत जिवंत राहतात आणि पुढच्या पावसात फुटतात. त्यांना टाकीत नारळाच्या काथ्याचा भुसा लागतो, म्हणून त्यांचं घर स्वतंत्रच असावं. ऋतूही पाहायचा. पश्चिम आफ्रिकेतल्या जंगली ओढ्यांच्या अनेक किलींना बावीस-चोवीस अंश मानवतात. आपल्या मे महिन्यात त्या कासावीस होतात, तर लिनिएटस सहज तग धरते. आणि टाकीला झाकण हवंच, कारण उडी मारणं हा साऱ्या किलींचा स्वभाव आहे.

टाकीइतकंच टाकीबाहेरचं पाणीही जपायला हवं. वसईच्या पश्चिम पट्ट्यात, निर्मळ, गिरीज, भुईगाव, आगाशीकडे, बागायतदारांनी वाड्यांसाठी खोदलेली बावखलं आहेत. विहिरीपेक्षा ऐसपैस असे हे गोड्या पाण्याचे खड्डे पावसाळ्यात भरत, आजूबाजूच्या विहिरींना पाझर देत, रहाटाने केळी, पानवेल आणि फुलझाडांना पाणी पुरवत. समुद्र इतका जवळ असताना जमिनीतलं पाणी गोडं राहिलं ते बऱ्याच अंशी त्यांच्यामुळे. इमारती वाढल्या तशी कित्येक बावखलं भरणी टाकून बुजवली गेली, काहींत कचरा गेला. उरलेली साफ करायला गावातली माणसं पुढे येत आहेत, हे फार मोलाचं काम आहे. त्या पाण्यात दुकानातला मासा सोडू नये, सोनेरी किलीसुद्धा नाही. टाकीत निवडून घडलेला वाण आणि रानातलं कूळ यांची सरमिसळ बाहेरही तितकीच घातक. आणि वसईजवळचं तुंगारेश्वर तर अभयारण्य आहे, तिथले मासे धरायचे नाहीत, ओढे फक्त पाहायचे.

एका टाकीत किती जाती बसतील, यापेक्षा टाकीतला प्रत्येक मासा कुठला आहे हे आपल्याला माहीत आहे का, हा प्रश्न मला मोठा वाटतो. परमुलखातल्या हौशी लोकांनी या माशांची गावं जपून लिहिली. ज्यांच्या शेजारच्या पाण्यावरून एक सबंध जात शास्त्राला कळली, त्या आपणही किलीच्या वहीत पहिल्या रकान्यात गावाचं नाव लिहावं, आणि ते गाव ज्या पाण्यावर उभं आहे ते पाणी बुजू देऊ नये.