पंचनाम्यातला वारा

निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी भरदुपारी अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं, सह्याद्री ओलांडून पुणे जिल्ह्यातून नाशिकच्या दिशेने गेलं. मागे मुळशी-मावळापासून वेल्हे-भोरपर्यंत उडालेले पत्रे, आडवे झालेले खांब आणि उन्मळलेली झाडं राहिली. पंचनामे झाले, याद्या लागल्या, मदत वाटली गेली. याच काळात एक समजूतही पक्की झाली आणि ती आजही दर वळवाच्या पावसानंतर ऐकू येते: ज्या गावात जास्त घरं उघडी पडली तिथे वारा जास्त होता, नुकसान हेच वादळाचं माप. एका वाडीतली दहा छपरं गेली आणि ओढ्यापलीकडच्या वाडीत कौलही हललं नाही, तर मधून टोर्नेडोच गेला असणार, असं मग खात्रीने सांगितलं जातं.

ही समजूत टिकणारी नाही, असं माझं म्हणणं आहे. पण तिचा पूर्वपक्ष दुबळा नाही. तो आधी त्याच्या पूर्ण ताकदीने मांडला पाहिजे.

या पक्षाचा सर्वांत मोठा आधार खुद्द विज्ञानात आहे. शिकागो विद्यापीठातल्या तेत्सुया फुजिता यांनी १९७१ मध्ये टोर्नेडोची प्रतवारी मांडली ती पडझडीवरूनच. टोर्नेडोच्या वाटेत नेमकं वेगमापक यंत्र असण्याची आणि ते टिकण्याची शक्यता फार थोडी. म्हणून मागे उरलेल्या घरांवरून आणि झाडांवरून वेग काढायचा. अमेरिकेत २००७ पासून त्या प्रतवारीचं सुधारलेलं रूप वापरात आहे आणि त्याचाही पाया नुकसान हाच आहे. मग ओक्लाहोमात जे चालतं ते वेल्ह्याच्या कानंद खोऱ्यात का चालू नये? दुसरा आधार व्यवहाराचा. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक यांनी मिळून केलेला, पंचांच्या सह्यांचा पंचनामा हा जागेवरचा लेखी पुरावा असतो. राजगड-तोरण्याच्या कुशीतल्या वाडीत वाऱ्याचा याहून दुसरा साक्षीदार कुठून आणायचा?

आता उत्तर. फुजितांचा दाखला देणारे त्या पद्धतीतली अर्धीच गोष्ट सांगतात. सुधारित प्रतवारीत ‘घर पडलं’ एवढ्याने काही ठरत नाही. तिथे २८ प्रकारच्या वस्तू ठरवून दिल्या आहेत: राहतं घर, धान्याची वखार, शाळा, विजेचा खांब, कठीण लाकडाचं झाड, मऊ लाकडाचं झाड आणि अशाच इतर. प्रत्येकीच्या मोडण्याच्या पायऱ्या वेगळ्या आणि प्रत्येक पायरीला एकच वेग नसून वेगाचा पट्टा आहे. अमेरिकी लाकडी घराच्या छपराचा मोठा भाग गेला पण बहुतेक भिंती उभ्या राहिल्या, तर अपेक्षित वेग ताशी सुमारे १९६ किलोमीटर. पण बांधकाम कच्चं असेल तर १६७, चांगलं असेल तर २२९. एकाच पडझडीमागे साठ किलोमीटरचा फरक आणि तो वाऱ्याचा नाही, घराचा आहे. पाहणी करणारा माणूस म्हणूनच आधी खिळे बघतो, भिंत पायाला कशी जखडली आहे ते बघतो आणि मगच आकडा लिहितो.

ही पद्धत उलट्या बाजूनेही सांभाळून वापरावी लागते. ३१ मे २०१३ रोजी ओक्लाहोमातल्या एल रेनोजवळ आलेल्या टोर्नेडोत फिरत्या रडारने ताशी पावणेपाचशे किलोमीटरच्या आसपासचे वारे टिपले. तरी त्याची अधिकृत प्रत पाचपैकी तीनच राहिली, कारण तो बराचसा मोकळ्या रानातून गेला आणि तेवढा वेग सिद्ध करील असं काही त्याच्या वाटेत नव्हतं. मोडायला काही नसेल तर प्रचंड वाराही कागदावर लहान दिसतो, आणि सहज मोडणारं पुष्कळ असेल तर साधा वाराही कागदावर प्रचंड होतो. भोर-वेल्ह्यात घडतं ते बहुतांशी हे दुसरं.

पत्र्याचंच घ्या. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी १०० किलोमीटरच्या झोताचा दाब चौरस मीटरला साधारण ४७ किलो भरतो. अर्ध्या मिलिमीटरचा लोखंडी पत्रा त्याच चौरस मीटरला पाच किलोंच्या आतच असतो. म्हणजे पत्रा स्वतःच्या वजनावर कधीच टिकून नसतो. त्याला धरून ठेवतात ते हूक आणि स्क्रू, त्यांच्याखालचे अँगल किंवा वासे, आणि वाशांची भिंतीशी असलेली जोडणी. वळचणीला आणि कोपऱ्यावर वरची ओढ मधल्या भागापेक्षा कितीतरी जास्त असते, म्हणून पत्रा उचकटायला तिथूनच सुरुवात होते. गोठ्याला तर बहुधा एक बाजू उघडीच असते. वारा आत शिरून पत्र्याला खालून ढकलतो आणि त्याच वेळी वरून ओढतो. भारतीय मानक आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात मोठं तोंड असलेल्या बांधकामासाठी हा आतला दाब बंद घराच्या साडेतीनपट धरायला सांगितला आहे. मोघम हिशेब केला तरी बंद घराच्या छपरावर १०० च्या वेगाने जी ओढ येते ती उघड्या गोठ्यावर ८० ते ८५ च्या वेगातच येते. मग एका आळीतले चार गोठे उडाले आणि त्यांना लागून असलेली घरं शाबूत राहिली, तर यात वारा कुणाला निवडून गेला असं काही नाही.

त्याच मानकात पुण्यासाठी मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर दिला आहे, म्हणजे ताशी १४०. मोकळ्या मैदानात दहा मीटर उंचीवरचा, तीन सेकंदांचा, साधारण पन्नास वर्षांत एकदा अपेक्षित असा हा झोत आहे. निसर्गच्या वेळी किनाऱ्यावर हवामान खात्याने सांगितलेला वेग ११० ते १२० आणि झोत १३० पर्यंत होता, आणि जमिनीवर येताच वादळ ओसरू लागलं होतं. या दोन आकड्यांकडे एकत्र पाहिलं की ‘न भूतो’ वारा आला म्हणून घरं पडली हे म्हणणं अवघड होतं. बहुतेक छपरं मानकाने आधीच गृहीत धरलेल्या वाऱ्याच्या आत पडली असली पाहिजेत.

इथे कुणी म्हणेल, पुण्याचा आकडा डोंगराला कसा लावता? आक्षेप रास्त आहे, आणि मानकानेही तो विचारात घेतला आहे. टेकडीच्या माथ्यावर आणि कड्याच्या धारेवर वारा दाटून वेगाने वाहतो, त्यासाठी मूळ वेगाला १.३६ पर्यंत गुणायला सांगितलं आहे. वेग १.३६ पट झाला की दाब १.८५ पट होतो. खाली पात्रात ८० चा वारा असताना माथ्यावरच्या धनगरवाड्यावर तो १०९ चा असू शकतो, आणि खिंडीच्या तोंडाशी वसलेल्या वाडीत आणखी वेगळाच. एक वाडी झोडपली गेली आणि दुसरी वाचली, याला टोर्नेडो लागत नाही. गुंजवणी, कानंदी, वेळवंडी, नीरा यांची खोरी आणि मधल्या डोंगररांगा हे एवढं कारण पुरे आहे.

वळवाच्या दिवसांत याखेरीज आणखी एक कारण असतं, आणि तेही फुजितांनीच उलगडलं. ढगातून थंड हवेचा लोट खाली आदळतो आणि जमिनीवर चारी बाजूंना फाकतो. अमेरिकेतल्या एप्रिल १९७४ च्या मोठ्या टोर्नेडो-उद्रेकानंतर विमानातून पाहणी करताना त्यांना काही ठिकाणी झाडं गरगर फिरून पडलेली दिसली नाहीत. ती एका मध्याकडून बाहेर पसरल्यासारखी पडली होती. तरुणपणी नागासाकीतल्या अणुस्फोटाच्या पाहणीत त्यांनी असाच आराखडा पाहिला होता. पुढे १९७५ मध्ये न्यूयॉर्कला झालेल्या विमान-अपघाताच्या तपासातून ही कल्पना नावारूपाला आली. टोर्नेडोत झाडं अरुंद पट्ट्यात एकमेकांकडे कलून पडतात, फाकणाऱ्या लोटात एकमेकांपासून दूर. समुद्रावरून आलेल्या चक्रीवादळात अख्ख्या गावातली झाडं थोड्याफार फरकाने एकाच दिशेला पडतात, आणि वादळाच्या वाटेच्या उजव्या हाताला असलेल्या गावात वारा पूर्वेकडून दक्षिणेकडे, मग नैऋत्येकडे वळत जातो. निसर्गच्या वेळी भोर-वेल्हे याच उजव्या हाताला होते. पडलेल्या आंब्याचा शेंडा कुणीकडे होता, एवढं लिहिलेलं असतं तर बरेच वाद तिथेच मिटले असते. पंचनाम्यात झाडांची संख्या असते, दिशा नसते.

संख्येचंही काय सांगावं! एक वड तारेवर पडला की तारेच्या ओढीने ओळीतले चार-सहा खांब पाठोपाठ वाकतात. यादीत ते सहा खांब म्हणून जातात, पुरावा मात्र एकाच झाडाचा असतो. आणि त्या झाडाची मुळं रस्ता रुंद करताना एका अंगाने तोडली गेली असतील, तर तो पुरावा वाऱ्यापेक्षा रस्त्याविषयी जास्त सांगतो.

हा सगळा दोष तलाठ्याचा नाही. पंचनामा वारा मोजायला केलेलाच नसतो, तो मदत ठरवायला केलेला असतो. त्याचे रकाने मदतीच्या निकषांवरून आलेले आहेत: पीक ३३ टक्के किंवा त्याहून जास्त गेलं का, घर किमान १५ टक्के पडलं का, पक्कं की कच्चं, झोपडी की गोठा. ३३ टक्क्यांची अट २०१५ मध्ये आली, त्याआधी ती ५० टक्के होती. तीच वादळं, तीच शेतं, पण अट बदलली की यादी वाढते. अशा यादीच्या लांबीवरून वाऱ्याचा जोर काढणं कसं बरोबर ठरेल? शिवाय जे शाबूत राहिलं ते यादीत येतच नाही, आणि मला सर्वांत गंभीर वाटते ती हीच उणीव. मोडलेली वस्तू सांगते की वारा निदान एवढा तरी होता. न मोडलेली वस्तू सांगते की तो एवढ्याहून जास्त नव्हता. पाहणीला दोन्ही टोकं लागतात. शेजारचं मंगलोरी कौलांचं जुनं घर जसंच्या तसं उभं आहे, ही एक ओळ लिहिली की उडालेल्या पत्र्याचा अर्थ बदलतो.

आता या वादातला दुसरा पक्ष, जो शिकलेल्यांना जवळचा वाटतो: नुकसानीचं सोडा, यंत्रं काय म्हणतात तेवढंच खरं. हाही मला मान्य नाही. महावेध प्रकल्पात महसूल मंडळपातळीवर स्वयंचलित हवामान केंद्रं आली आणि पावसाच्या बाबतीत त्यांचा उपयोग मोठा आहे. मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी, हे सरळ ठरतं. पण माथ्यावर आणि पात्रात वारा इतका बदलत असेल, तर मंडळातलं एक केंद्र कुठल्या वाडीच्या वतीने बोलणार? ठरावीक मिनिटांची सरासरी आणि छप्पर उचलणारा तीन सेकंदांचा झोत या तर गोष्टीच वेगळ्या. केंद्रावर चाळीसचा आकडा दिसला म्हणून माथ्यावरच्या बाईला ‘तुमच्याकडे वारा नव्हताच’ असं सांगणं हा अन्याय आहे. नुकसान हा पुरावा आहेच. मात्र त्याची नीट उलटतपासणी व्हायला हवी.

जपानने ही गोष्ट करून दाखवली. २०१६ पासून तिथे फुजितांच्या प्रतवारीची देशी आवृत्ती वापरात आली आणि अमेरिकी यादीच्या जागी जपानी वस्तू आल्या: कौलारू लाकडी घरं, नळ्यांच्या सांगाड्याची प्लास्टिकची हरितगृहं, रस्त्याकडेची विक्रीयंत्रंसुद्धा. आपल्याकडे अशी यादी करायची तर मंगलोरी कौलांचं घर, हुकांवरचा पत्रा, स्क्रूवरचा पत्रा, सिमेंटचा पत्रा, एका बाजूने उघडा गोठा, पॉलिहाऊस, शाळेची शेड, सिमेंटचा खांब, आंबा आणि सातारा रस्त्यावरचे जाहिरातफलक एवढ्यांनी सुरुवात होऊ शकते. प्रत्येकाची मोडण्याची पायरी किती वेगाला येते, हे पुण्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांना काढता येण्याजोगं आहे. आणि पंचनामा करणाऱ्याला लागतील त्या चार जास्तीच्या ओळी: पत्रा कशाने बसवला होता, उघडी बाजू कुठल्या दिशेला, पडलेल्या वस्तूचं तोंड कुणीकडे, आणि पन्नास पावलांच्या आत काय शाबूत राहिलं.

या मागणीवर एक भीती हमखास व्यक्त होते, आणि ती खरी आहे. वारा साधाच होता असं कागदावर आलं, तर शेतकऱ्याची मदत जाईल. केंद्र सरकारच्या आपत्तींच्या यादीत चक्रीवादळ आहे, गारपीट आहे, ढगफुटी आहे. नुसता सोसाट्याचा वारा नाही. त्यामुळे नुकसान झालेल्या माणसाला आपलं वादळ मोठं आणि नावाचं ठरावं असं वाटलं, तर त्यात त्याचा काही दोष नाही. निकषच त्याला तिकडे ढकलतात. निसर्गने हिरडा झडला तेव्हा जुन्नर-आंबेगावच्या आदिवासींना भरपाईसाठी दीर्घकाळ झगडावं लागलं. वादळ नावाचं होतं, अधिकृत होतं, तरीही. म्हणून मदत वाऱ्याच्या वेगाशी बांधूच नये, ती झालेल्या हानीशी बांधावी. वाऱ्याची नोंद वेगळ्या कागदावर आणि वेगळ्या कामासाठी असावी.

ते काम म्हणजे पुन्हा बांधणं. निसर्गग्रस्तांसाठी राज्याने पूर्ण पडलेल्या घराची मदत ९५,१०० वरून दीड लाख रुपये केली. त्या पैशातून छप्पर पुन्हा चढताना त्याच वाशांवर, त्याच अंतराने, तेच हूक बसले असतील तर पुढच्या वादळासाठी तेच घर तयार झालं. वादळ अभूतपूर्व होतं असं एकदा ठरलं की शाळेची शेड कुणी बांधली आणि तिचे अँगल भिंतीला किती ठिकाणी जखडले होते, हे कुणी विचारत नाही. तोच वारा मानकाच्या आतला होता असं नोंदवलं गेलं तर ते विचारावंच लागेल. वळचणीच्या पहिल्या दोन ओळींत स्क्रू दुप्पट लावणं आणि वासा पट्टीने भिंतीत अडकवणं यासाठी लागणारा खर्च नव्या पत्र्याच्या किमतीपुढे थोडा आहे. भोर-वेल्ह्याच्या पुढच्या पंचनाम्यात या जोडण्यांचा रकाना असावा, आणि मदतीच्या यादीसोबत तो तालुक्याच्या बांधकाम उपविभागाकडेही जावा.