वसईच्या जुन्या बेटावर बिऱ्हाड
राजोडी परिसरात स्थलांतर करू इच्छिणाऱ्या तरुण कुटुंबांसाठी

समुद्र, सुरूचे बन, नारळीच्या सावलीतील लहानसे घर आणि अंगणात बागडणारी मुले, हे चित्र महानगरातील तरुण दांपत्यांना नेहमीच भुरळ घालते. त्यासाठी कोणी अंदमानचे स्वप्न पाहतो, तर कोणी मॉरिशसचे. प्रत्यक्षात लक्षद्वीपमध्ये जाण्यासाठीच परवाना काढावा लागतो, मॉरिशसमध्ये परदेशी माणसाला घर घ्यायचे तर सरकारने ठरवून दिलेल्या योजनांचाच मार्ग धरावा लागतो आणि पगाराची नोकरी सोडून इतक्या दूर जाणे मध्यमवर्गीय कुटुंबाला बहुधा परवडत नाही. अशा कुटुंबांची पावले मग जवळच्या किनाऱ्याकडे वळतात. चर्चगेटहून सुमारे ६० किलोमीटर अंतरावरचा वसई-विरारचा पश्चिम पट्टा हा त्यातील एक प्रमुख पर्याय होय. कळंब आणि नवापूर-अर्नाळा यांच्या दरम्यान वसलेले राजोडी हे याच पट्ट्यातील गाव. मुंबईच्या तुलनेत येथे भाडे कमी पडते, हे खरे. मात्र या स्वस्ताईची किंमत पाणी, प्रवासाचे तास आणि कागदपत्रांची खातरजमा या तीन रूपांत मोजावी लागते. ती आधी समजून घेतली तरच स्थलांतर सुखाचे ठरते.

बेट होते, त्याची खूण उरली

उत्तरेस वैतरणा, दक्षिणेस उल्हास नदीची वसई खाडी, पश्चिमेस अरबी समुद्र आणि पूर्वेस सोपाऱ्याची खाडी, अशा चारही बाजूंच्या पाण्याने हा भूभाग एकेकाळी वेढलेला होता. पूर्वेकडील खाडी गाळाने भरत गेली आणि बेट मुख्य भूमीला जोडले गेले. शूर्पारक म्हणजे आजचे सोपारा हे प्राचीन बंदर याच खाडीवरचे. सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा १८८२ मध्ये सोपारा येथे सापडला आणि नवव्याचा १९५६ मध्ये भुईगाव येथे. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात गेली व १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी ती जिंकून घेतली. रेल्वे १८६४ मध्ये आली आणि १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईकडे पहिली उपनगरी गाडी धावली.

हा इतिहास नव्या रहिवाशाच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे. किनाऱ्याच्या वालुकामय जमिनीत पावसाचे गोडे पाणी साठते आणि त्याच्या कडेला समुद्राचे खारे पाणी टपलेले असते. पूर्वेला तुंगारेश्वरचे डोंगर, मध्ये जुन्या खाडीचा सखल भाग आणि पश्चिमेला किनाऱ्यावरची गावे, ही रचना आजही कायम आहे. पिण्याचे पाणी आणि पावसाळ्यातील पूर हे या भागाचे दोन्ही मोठे प्रश्न तिच्यातूनच उद्भवतात.

कोणत्या कार्यालयाच्या हद्दीत?

वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा व ५३ ग्रामपंचायती एकत्र करून जुलै २००९ मध्ये वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेनुसार तिची लोकसंख्या १२ लाख २२ हजारांहून अधिक होती. १ ऑगस्ट २०१४ पासून वसई तालुका ठाण्याऐवजी नव्या पालघर जिल्ह्यात आला. महापालिकेत समावेशास अनेक गावांनी तीव्र विरोध केला. त्यातील २९ गावे वगळण्याचा निर्णय शासनाने २०११ मध्ये घेतला. तो न्यायालयात गेला आणि वाद वर्षानुवर्षे चालला. त्यामुळे घर पाहताना बांधकामाला परवानगी कोणी, कोणत्या साली आणि कोणत्या अधिकाराने दिली, हा प्रश्न येथे आवर्जून विचारला पाहिजे.

प्रवासाचा हिशेब

राजोडीला स्वतःचे रेल्वे स्थानक नाही. नालासोपारा किंवा विरार पश्चिमेला उतरून रिक्षा, बस अथवा स्वतःच्या दुचाकीने गाव गाठावे लागते. रात्री उशिरा बस मिळेलच असे नाही आणि स्वतंत्र रिक्षाचे भाडे शेअर रिक्षापेक्षा बरेच अधिक पडते. विरार ते चर्चगेट जलद लोकलला साधारण दीड तास लागतो. दाराबाहेर पडल्यापासून दक्षिण मुंबईतील कार्यालयात पोहोचेपर्यंत एका बाजूने दोन तास सहज जातात. महिन्याला २५ दिवस कामाचे धरले तर निव्वळ प्रवासात १०० तास खर्ची पडतात. द्वितीय वर्गाचा मासिक पास स्वस्त असला तरी गर्दी असह्य असते. नालासोपाऱ्याचे कित्येक प्रवासी बसायला जागा मिळावी म्हणून आधी उलटे विरारला जातात. प्रथम वर्गाचा किंवा वातानुकूलित लोकलचा पास काढायचा तर भाड्यात वाचलेल्या पैशाचा मोठा भाग तेथेच संपतो.

पतिपत्नी दोघेही रोज दक्षिण मुंबईत जाणार असतील आणि मूल पाच वर्षांच्या आतील असेल, तर हे स्थलांतर बहुधा जमत नाही. दोघांपैकी एकाचे काम घरून, वसई-विरारमध्ये किंवा बोरिवलीपर्यंतच्या उपनगरांत असेल तर गणित जुळते. वसई-भाईंदर रो-रो सेवा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली असून वाहनधारकांना महामार्गाला ती एक पर्याय आहे. मात्र बुलेट ट्रेनचे विरार स्थानक किंवा उत्तन-विरार सागरी सेतू यांसारख्या, जाहिरातींत मिरवणाऱ्या प्रकल्पांच्या भरवशावर आजचा निर्णय घेऊ नये.

पाणी: बावखळापासून टँकरपर्यंत

वसईच्या वाड्यांनी केळी, पानवेली, फुले आणि भाजीपाला पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला पुरविला. राजेळी केळी वाळवून केलेली सुकेळी ही तर येथील खासियत. या बागायतीचा आधार होता विहिरी आणि बावखळे. बावखळ म्हणजे पावसाचे गोडे पाणी साठविणारे खोदीव तळे. ते शेतीला पाणी देते, भोवतालच्या विहिरी भरते आणि खारे पाणी आत शिरू देत नाही. नागरीकरणाच्या लाटेत कित्येक बावखळे बुजली. १९९० मध्ये या उपप्रदेशाच्या नियोजनाचे काम सिडकोकडे आल्यानंतर इमारतींचा वेग वाढला आणि विहिरींचे पाणी टँकरने उपसून इमारतींना विकण्याचा व्यवसाय फोफावला. नंदाखाल येथे जन्मलेले लेखक फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखालील हरित वसई संरक्षण समितीचे आंदोलन या पार्श्वभूमीवर उभे राहिले.

आज शहराला मुख्यतः सूर्या प्रकल्पातून पाणी मिळते. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या ४०३ दशलक्ष लिटरच्या योजनेत वसई-विरारचा वाटा प्रतिदिन १८५ दशलक्ष लिटरचा आहे. असे असले तरी प्रत्येक इमारतीला आणि प्रत्येक वाडीला नळजोडणी आहे, असे गृहीत धरता येत नाही. घर पाहण्यास शक्यतो एप्रिल-मे महिन्यांत जावे. नळाला पाणी किती दिवसांआड येते, टँकर कोण मागवतो, त्याचा खर्च देखभाल शुल्कात धरला आहे की वेगळा, हे शेजाऱ्यांकडून जाणून घ्यावे. विहिरीच्या किंवा कूपनलिकेच्या पाण्याची चव उन्हाळ्यात पाहावी. लहान मुले असल्यास ते प्रयोगशाळेत तपासून घ्यावे.

पावसाळा हीच खरी परीक्षा

जुलै २०१८ मध्ये मुसळधार पावसाने नालासोपारा स्थानकातील रूळ पाण्याखाली गेले, गाड्या बंद पडल्या, अनेक भागांतील वीज खंडित झाली आणि मिठागरात अडकलेल्या लोकांना बाहेर काढावे लागले. डोंगरावरून येणारे पाणी, भराव घालून बुजविलेली सखल जागा व मिठागरे, अरुंद झालेले नाले आणि त्याच वेळी समुद्राला आलेली भरती, असा योग जुळला की पाण्याला जायला वाट राहत नाही. किनाऱ्यावरची गावे वालुकामय असल्याने तेथे पाणी तुलनेने लवकर मुरते; परंतु स्टेशनकडे जाणारा रस्ताच बुडाला तर घर कोरडे असूनही कुटुंब अडकून पडते. म्हणून घराबरोबर त्याच्या वाटेचीही चौकशी करावी.

खाऱ्या हवेने लोखंडी जाळ्या, पंखे, शीतकपाटे व दुचाकी लवकर गंजतात. ओल, डास आणि वीज जाणे हे पावसाळ्याचे नेहमीचे सोबती. दुरुस्ती व इन्व्हर्टर यांची तरतूद अंदाजपत्रकात हवीच.

स्वस्त घराची महाग किंमत

नालासोपारा पूर्वेला कचराभूमी व सांडपाणी प्रकल्पासाठी आरक्षित असलेल्या जागेवर उभ्या राहिलेल्या ४१ बेकायदा इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशावरून पाडण्यात आल्या. २०२४ च्या अखेरीस सुरू झालेली ही कारवाई २०२५ च्या आरंभी पूर्ण झाली आणि शेकडो कुटुंबांनी आयुष्याची पुंजी घातलेली घरे गमावली. ऑगस्ट २०२५ मध्ये विरार पूर्व येथील रमाबाई अपार्टमेंट या बेकायदा इमारतीचा भाग कोसळून १७ जणांचा मृत्यू झाला. त्यांत लहान मुलेही होती. भाडेकरूलाही इमारतीचा इतिहास तपासणे किती आवश्यक आहे, हे या दुसऱ्या घटनेवरून दिसते.

घरपट्टीची पावती किंवा विजेचे देयक हा इमारत अधिकृत असल्याचा पुरावा होत नाही. बांधकाम परवानगी, मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र यांच्या प्रती मागून त्या महापालिकेकडून पडताळून घ्याव्यात. भूखंड ५०० चौरस मीटरपर्यंत असेल किंवा सदनिका आठपेक्षा अधिक नसतील, तर महारेराची नोंदणी बंधनकारक नसते. साहजिकच गावातील लहान इमारतींची तपासणी खरेदीदारानेच वकिलाकरवी करावयाची असते.

वाडीचा तुकडा घेऊन बंगली बांधण्याचा मोह असल्यास अधिक सावधगिरी हवी. महाराष्ट्रात शेतजमीन सामान्यतः शेतकऱ्यालाच विकत घेता येते. आदिवासींची जमीन शासकीय परवानगीशिवाय बिगर-आदिवासीला हस्तांतरित होत नाही. सातबारा, फेरफार आणि बिगरशेती आदेश पाहिल्याखेरीज इसार देऊ नये. किनाऱ्यालगत २०१९ ची सागरी नियमन क्षेत्राची अधिसूचना लागू होते. ग्रामीण किनाऱ्यावर लोकसंख्येच्या घनतेनुसार भरतीरेषेपासून ५० अथवा २०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध असते. जागा कोणत्या वर्गात मोडते, हे मंजूर किनारा व्यवस्थापन नकाशावर पाहावे.

मुलांची शाळा आणि दवाखाना

वसईच्या गावपट्ट्यात चर्चसंलग्न व स्थानिक शिक्षणसंस्थांच्या मराठी तसेच इंग्रजी शाळा आहेत. प्रवेशाचे वेळापत्रक पाहूनच बिऱ्हाड हलवावे. शिक्षण हक्क कायद्याखालील २५ टक्के राखीव जागांसाठी अर्ज करावयाचा असेल तर निवासाचा पुरावा म्हणून भाडेकरार नोंदणीकृत असणे महत्त्वाचे ठरते. तसाही महाराष्ट्रात भाडेकरार लेखी व नोंदणीकृत असणे १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार बंधनकारकच आहे. वैद्यकीय सेवेसाठी वसईतील सर डी. एम. पेटिट रुग्णालय आणि बंगली येथील कार्डिनल ग्रेशस रुग्णालय ही परिचित ठिकाणे. मध्यरात्री तेथवर पोहोचण्याचे वाहन कोणते, हे पहिल्याच आठवड्यात ठरवून ठेवावे.

अंदाजपत्रक कसे मांडावे?

खर्चाचे तीन भाग करावेत. पहिला एकवेळचा: अनामत रक्कम, बहुधा एका महिन्याच्या भाड्याइतकी दलाली, करारावरील ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क व नोंदणी, सामानाची वाहतूक, शाळेचा प्रवेश आणि पाण्याची टाकी. दुसरा दरमहाचा: भाडे, देखभाल शुल्क, टँकर, रिक्षा, रेल्वे पास, वीज आणि पाळणाघर. तिसरा राखीव: किमान सहा महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम, जिला खरेदीच्या मोहात हात लावू नये. मुंबईतील भाडे आणि येथील भाडे यांची तुलना बहुतेक जण करतात. तुलना या तिन्ही भागांच्या बेरजेची व्हायला हवी.

आधी एक पावसाळा

सर्वांत सुरक्षित मार्ग म्हणजे प्रथम अकरा महिन्यांचा करार करून राहणे. त्यात एक उन्हाळा आणि एक पावसाळा पुरा यावा. पाण्याची टंचाई, लोकलची गर्दी, मुलांची प्रकृती आणि गावाशी जुळणारे सूर या काळात आपोआप कळून येतात. सामवेदी, वाडवळ, कोळी, आगरी, भंडारी अशा समाजांचे हे जुने गाव-जीवन आहे. येथे कादोडी आणि वाडवळी बोली आजही ऐकू येतात. मोकळ्या जागा व पाण्यासाठी या लोकांनी लढे दिले आहेत. त्यामुळे नव्या इमारतींकडे पाहण्याची त्यांची नजर सावध असते. बावखळात कचरा न टाकणारा, विहिरीचे पाणी जपून वापरणारा आणि वाडीची फळभाजी वाडीतच विकत घेणारा पाहुणा मात्र लवकरच शेजारी होतो. या जुन्या बेटावर गोडे पाणी मोजकेच आहे. ते सर्वांना पुरावे, हीच येथे राहण्याची पहिली अट होय.