गहाळ दप्तर आणि स्वतंत्र साक्ष : डहाणू-तलासरीतील वनजमिनींच्या पुराव्याचा इतिहास

दप्तर हरवले असे जेव्हा म्हटले जाते तेव्हा त्या एका शब्दाखाली दोन अगदी निराळ्या घटना झाकल्या जातात. एकीत नोंद झालेली असते, परंतु ती जेथे ठेवली ते ठिकाण आग, पाणी, वाळवी किंवा यंत्राचा बिघाड यांमुळे निकामी होते. दुसरीत नोंद मुळात झालेलीच नसते. किंवा झाली असली तरी ज्याच्या हक्काचा प्रश्न असतो त्याच्या प्रतिपक्षाच्या हातूनच ती झालेली असते. पहिल्या प्रकारची हानी भरून काढण्याचे शास्त्र गेल्या पन्नास वर्षांत पुष्कळ पुढे गेले आहे. दुसऱ्या प्रकारच्या हानीचा विचार त्या मानाने थोडाच झाला. डहाणू आणि तलासरी या तालुक्यांतील वारली, धोडी, दुबळा, कोकणा व काटकरी कुटुंबांनी कसलेल्या वनजमिनींचा इतिहास या दुसऱ्या प्रकारात मोडतो, आणि पहिल्या प्रकारच्या शास्त्राशी ताडून पाहिला असता तो अधिक स्पष्ट होतो.

म्हणून आधी त्या शास्त्राकडे वळावे. कार्यालयांतून हल्ली सर्वांच्या फायली एका सामायिक साठवणयंत्रात, म्हणजे जाळ्याने जोडलेल्या अनेक तबकड्यांच्या पेटीत ठेवतात. तबकडी आज ना उद्या बिघडणार हे गृहीत धरूनच या पेटीची रचना केलेली असते. निकामी तबकडीवरील मजकूर उरलेल्या तबकड्यांवरून परत मिळविण्याच्या एका रीतीचे पेटंट नॉर्मन केन औची यांना १९७८ मध्ये मिळाले; पुढे १९८८ मध्ये बर्कले येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी अशा रचनांची पद्धतशीर मांडणी केली. तत्त्व साधे आहे. तीन तबकड्यांवर ५, ७ आणि ४ हे अंक आहेत असे मानावे व चौथीवर त्यांची बेरीज १६ लिहावी. दुसरी तबकडी जळाली तरी १६ मधून ५ आणि ४ वजा करून ७ हा अंक परत मिळतो. प्रत्यक्षात बेरजेच्या जागी सम-विषमतेची खूण वापरतात, पण तर्क हाच. दोन तबकड्या एकदम गेल्या तर मात्र या रचनेत उपाय चालत नाही. कधी तबकड्या सर्व शाबूत असतात आणि त्यांना चालविणारी पेटीच बंद पडते. अशा वेळी मजकूर असूनही कोणता तुकडा कोणत्या तबकडीवर व कोणत्या क्रमाने लिहिला आहे हे ठाऊक नसल्यामुळे तो वाचता येत नाही. तो क्रम पुन्हा बसविणे हेच मग पुनर्प्राप्तीचे मुख्य काम होऊन बसते. आणखी एक गोष्ट येथे ध्यानी घ्यावयास हवी. दोन तबकड्यांवर एकाच मजकुराची हुबेहूब प्रत ठेवली असता यंत्राच्या बिघाडापासून संरक्षण मिळते. लिहिणाराच चुकला असेल तर ती चूक दोन्हीकडे सारखीच उमटते. प्रत ही साक्ष नव्हे.

महाराष्ट्र शासनाला पहिल्या प्रकारच्या हानीचा अनुभव २१ जून २०१२ रोजी मंत्रालयास लागलेल्या आगीत आला. वरच्या मजल्यांवरील फायली जळाल्या आणि त्या पुन्हा उभ्या करण्यासाठी खालच्या कार्यालयांतील प्रतींचा आधार घ्यावा लागला. मुंबईतून निघालेल्या पत्राची एक प्रत जिल्ह्याच्या दप्तरी असते, या जुन्या कारकुनी शिस्तीचा तेथे उपयोग झाला. डहाणू-तलासरीत प्रश्न असा सुटण्यासारखा नव्हता. तेथे जी नोंद शोधावयाची होती ती कोणत्याच मजल्यावर नव्हती.

याचे कारण समजण्यासाठी या मुलखात लेखणी कोणाच्या हाती होती हे पाहिले पाहिजे. मुंबई सरकारच्या सांगण्यावरून डी. सिमिंग्टन यांनी आदिवासी मुलखाविषयीचा आपला अहवाल १९३८ मध्ये सादर केला. त्यात वेठीचे आणि कर्जापायी आयुष्यभर राबविल्या जाणाऱ्या माणसांचे चित्र आले आहे. लग्नाच्या खर्चासाठी घेतलेल्या रकमेपोटी नवराबायको दोघांनाही सावकाराकडे राबावे लागे. अशा माणसास लग्नगडी म्हणत. कर्ज किती घेतले, किती फिटले, व्याज कसे चढले, हे सारे सावकाराच्या वहीत. कर्जदाराकडे होता तो केवळ अंगठा. १९४५ च्या मे महिन्यात झरी येथे किसान सभेच्या नेतृत्वाखाली वेठ आणि लग्नगडीची पद्धत झुगारून देण्याचा निश्चय झाला तेव्हा तो एका अर्थी या वहीच्या अधिकाराविरुद्धही होता. गोदावरी परुळेकर यांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या लढ्याची हकीकत सांगितली. तिचे मोल अभ्यासकास आज विशेष वाटते, कारण जमीनदार, पोलीस आणि सरकार यांच्या कागदांहून वेगळ्या बाजूने ती लिहिली गेली. कुळकायद्याची कथाही फारशी निराळी नाही. १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी जमीन कसणाऱ्या कुळास मालकी मिळावयाची, पण कसणाऱ्याचे नाव पीकपाहणीत असल्याखेरीज त्याचे कूळपण सिद्ध करणे कठीण जाई.

वनजमिनीच्या बाबतीत वहीची जागा वनखात्याच्या रजिस्टराने घेतली. १८७८ च्या वनकायद्यानंतर ठाणे जिल्ह्यातील रानाचे मोठे क्षेत्र राखीव झाले. भाताच्या रोपासाठी राब भाजण्यास लागणारा पाला व डहाळ्या तोडण्यावर बंधने आली तेव्हा इतका असंतोष माजला की १८८७ मध्ये अहवाल देणाऱ्या मुंबई वन आयोगास त्या प्रश्नाची दीर्घ चर्चा करावी लागली. पुढे रानातील तुकडे एक सालाच्या कराराने कसावयास देण्याची प्रथा पडली. ते एकसाली प्लॉट होत. करार एका सालाचा आणि कसणे पिढ्यांचे, ही विसंगती तेव्हापासूनची आहे. ३० ऑगस्ट १९७५ पासून खाजगी वने सरकारजमा झाली आणि कसणारांच्या एका नव्या वर्गाची गणना रातोरात अतिक्रमकांत होऊ लागली.

शासनाने १९७८-७९ मध्ये निर्णय काढून ३१ मार्च १९७८ पूर्वीची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरविले. निर्णय उदार होता. अडचण पुराव्याची होती. त्या तारखेपूर्वी जमीन ताब्यात होती हे दाखवावयाचे कशाने? गाव नमुना १-ई या अतिक्रमणाच्या नोंदवहीत नाव असावे, किंवा वनखात्याने दंड केल्याची पावती तरी असावी. येथे एक चमत्कारिक उलथापालथ झाली. ज्या पावतीने कसणाऱ्यास गुन्हेगार ठरविले तीच आता त्याच्या हक्काचा आधार झाली, आणि ज्याला कधी दंड झाला नाही किंवा ज्याच्याकडून पैसे घेऊन पावती दिली गेली नाही त्याच्या हाती काहीच उरले नाही. पावती मिळाली तरी ती कुडाच्या घरात, पावसाळ्याच्या चार महिन्यांत, वीस-पंचवीस वर्षे टिकवून धरणे ही सोपी गोष्ट नव्हे. वनरक्षकाची वही आणि तलाठ्याची वही या दोन स्वतंत्र साक्षी मानल्या गेल्या, पण दोन्ही वह्या सरकारी नोकराने, सरकारी जमिनीच्या रक्षणासाठी लिहिलेल्या होत्या. तबकड्यांच्या भाषेत बोलावयाचे तर ती एकाच मजकुराची दुहेरी प्रत होती.

शिवाय क्रम बिघडला होता तो वेगळाच. १९६० मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्याचे विभाजन झाले तेव्हा ठाणे जिल्ह्यातील उंबरगाव तालुक्याची ४७ गावे व ३ शहरे गुजरातेत गेली. उरलेली २७ गावे प्रथम डहाणू तालुक्यास जोडण्यात आली आणि १९६१ मध्ये त्यांचा तलासरी महाल करण्यात आला. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यापासून पालघर जिल्हा वेगळा झाला. म्हणजे तलासरीकडील एखाद्या पाड्याच्या जमिनीचा शंभर वर्षांचा माग काढावयाचा तर उंबरगाव, डहाणू, तलासरी ही तालुक्याची नावे आणि ठाणे, पालघर ही जिल्ह्याची नावे ओलांडावी लागतात. उंबरगाव तर आता परराज्यात. टिपण, फाळणी नकाशा, आकारबंद, फेरफार हे कागद शाबूत असले तरी कोणत्या वर्षी हे गाव कोणत्या कचेरीखाली होते हे ज्यास ठाऊक नाही त्याच्या दृष्टीने ते नसल्यासारखेच होत. प्रशासकीय फेरबदलांचा इतिहास विद्यार्थ्यांस रुक्ष वाटतो. येथे त्याच्यावाचून पाऊल पुढे पडत नाही.

डहाणू भागात १९७८ मध्ये स्थापन झालेल्या कष्टकरी संघटनेच्या कार्यातून हा पुराव्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. प्रदीप प्रभू विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९८६ च्या याचिकेत न्यायालयाने ७ मार्च १९९१ रोजी दिलेल्या निर्देशांमुळे सरकारी नोंदीपलीकडचा पुरावा विचारात घेण्याची वाट मोकळी झाली. मे २००२ मध्ये केंद्रीय वनखात्याने अतिक्रमणे हटविण्याचा आदेश काढल्यावर देशभर खळबळ माजली. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला महाराष्ट्र शासनाने काढलेल्या निर्णयात गावपातळीवरील समितीने दाव्यांची छाननी करावी व वृद्धांचे जबाबही ध्यानी घ्यावेत, असे ठरले. २००६ च्या वनहक्क कायद्याने व १ जानेवारी २००८ रोजी प्रसिद्ध झालेल्या त्याच्या नियमांनी हीच पद्धत देशाला लागू केली. जनगणना, नकाशे, रेशनकार्ड, न्यायालयाचे कागद हे तर पुराव्यात आलेच. त्यांच्या जोडीला बांध, विहीर, स्मशान, देवस्थान, वंशावळ, संशोधकांनी केलेले चालीरीतींचे लेखन आणि दावेदाराखेरीज अन्य वृद्धांचे लेखी घेतलेले निवेदन यांनाही स्थान मिळाले. नियमात आणखी एक अट आहे आणि इतिहासाच्या अभ्यासकास तीच सर्वांत महत्त्वाची वाटावी : यांपैकी एकाहून अधिक पुरावे पाहूनच दाव्याचा निर्णय व्हावयाचा.

ही अट वाचताना तबकड्यांची बेरीज आठवल्यावाचून राहत नाही. एक साक्ष गेली तर दुसऱ्या दोन तिची उणीव भरून काढतात, पण त्या भिन्न उगमाच्या असल्या तरच. वरकस माळावरचा दगडी बांध कोणाच्या हुकुमाने लिहिलेला नसतो. तो घालण्यास किती हंगाम लागले असतील याचा अंदाज जाणता शेतकरी बांध पाहून करतो. शेताच्या कडेस मुद्दाम राखलेला मोह किंवा लावलेला आंबा आपल्या घेराने वय सांगतो. वेशीवरचा वाघदेव पाड्याची जुनी सीमा दाखवितो. १८८२ चे ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर किंवा के. जे. सावे यांचा वारल्यांवरील १९४५ चा ग्रंथ लिहिला गेला तेव्हा या दाव्यांची कोणास कल्पनाही नव्हती. म्हणूनच त्यांतील चालीरीतींचे वर्णन दाव्यापुरते रचलेले आहे, असा आक्षेप घेता येत नाही.

वृद्धांच्या निवेदनाविषयी थोडे अधिक बोलले पाहिजे, कारण त्यावर आक्षेपही फार येतात. स्मरण काळाच्या बाबतीत ढिले असते हा आक्षेप खरा आहे, पण निरुत्तर करणारा नव्हे. ज्या समाजात वर्षाचा आकडा वापरात नाही तेथे काळ प्रसंगांना बांधलेला असतो, आणि प्रसंगांच्या तारखा अन्यत्र मिळतात. तलवाड्याचा गोळीबार १९४५ च्या ऑक्टोबरातला, गुजरातची हद्द पडली ती १९६० ची, मोठा दुष्काळ १९७२ चा. अमुक बांध या प्रसंगाआधी होता की नंतर घातला, एवढे जरी सांगणाऱ्याने निश्चित सांगितले तरी तारखेच्या दोन्ही कडा बांधता येतात. खरा धोका वेगळाच आहे. एकाच मसुद्यात केवळ नावे बदलून दहा जबाब तयार केले तर ते दहा साक्षीदार होत नाहीत. ती एकाच जबाबाची दहा प्रतींतली नक्कल होते, आणि तपासणाऱ्याने पहिला फेटाळला की उरलेले नऊ आपोआप पडतात. बोलणाऱ्याच्या बोलीत, त्याच्या अडखळण्यासकट उतरवून घेतलेला जबाब वाचण्यास त्रासाचा असतो. त्याचे स्वतंत्रपण त्या त्रासातच असते.

याउलट उपग्रहाच्या छायाचित्राविषयी अवास्तव विश्वास आढळतो. कायद्याने ताब्यासाठी ठरविलेली तारीख १३ डिसेंबर २००५ आहे. त्या सुमारास टिपलेले चित्र पाहून शेत होते की नव्हते हे ठरविणे वरवर सोपे दिसते. परंतु नाचणी-वरीची वरकस जमीन दोन-तीन वर्षे पडीक टाकावी लागते, आणि पडीक तुकड्यावर वाढलेले झुडूप वरून रानासारखेच दिसते. २०१२ च्या दुरुस्तीने म्हणूनच स्पष्ट केले की उपग्रहचित्र अन्य पुराव्यास पूरक असेल, त्याची जागा घेणार नाही. तसेच दंडाची पावती किंवा अतिक्रमकांच्या यादीतील नाव नाही एवढ्याच कारणाने दावा फेटाळता येणार नाही. १९७८ मध्ये सुरू झालेली पावतीची सद्दी चौतीस वर्षांनी नियमापुरती तरी संपली.

दाव्यांच्या निमित्ताने मात्र या दोन तालुक्यांत एक नवे दप्तर निर्माण झाले आहे. ग्रामसभेची वनहक्क समिती, उपविभागीय समिती व जिल्हा समिती अशा तीन पायऱ्यांवरून ते फिरते. त्यात तीन-तीन पिढ्यांच्या वंशावळी आहेत, पाड्यांच्या सीमांची वर्णने आहेत, ज्यांचे बोलणे पूर्वी कोणी लिहून घेतले नव्हते अशा माणसांची निवेदने आहेत. मंजूर झालेल्या दाव्यांचे कागद पतिपत्नीच्या संयुक्त नावाच्या हक्कपत्राशी जोडलेले असल्यामुळे त्यांची काळजी घेण्यास कोणी तरी असतो. फेटाळलेल्या दाव्यांच्या फायलींना असा वाली नाही, आणि इतिहासाच्या दृष्टीने त्या कमी मोलाच्या नाहीत. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळले गेलेल्यांना हटविण्याविषयी आदेश दिला आणि त्याच महिन्याच्या २८ तारखेस तो स्थगित करून राज्यांकडे विचारणा केली की हे दावे कोणत्या पद्धतीने, कोणत्या पुराव्यावर फेटाळले गेले. त्या प्रश्नाचे उत्तर ज्या फायलींत आहे त्या प्रत्येक फायलीत निदान एका वृद्धाचे निवेदन आणि ते का मानले नाही याचे कारण लिहिलेले असावयास हवे.