जड ग्रहावरचं सास्तूर

29 सप्टेंबर 1993. दुपार कलली आहे आणि तुम्ही सास्तुरातल्या एका जुन्या घराच्या माळवदावर उभे आहात. सास्तूर आज लोहारा तालुक्यात मोडतं. या दिवशी जिल्ह्याचं नाव मात्र अजून धाराशिव नव्हे, उस्मानाबाद आहे. पायाखाली चोपून घट्ट केलेली माती, कडेकडेनं पावसाळ्यात उगवलेलं गवत. खाली गल्लीत पोरांची गणपती विसर्जनाची धावपळ चालली आहे, कारण आज अनंत चतुर्दशी. तुम्ही कडेला जाऊन वाकता, तर मागून आवाज येतो.

“काय बघायलाव वाकून? पडताल की.”

घरची म्हातारी उडीद वाळत घालायला वर आली आहे. तुम्ही विचारता, या मातीचा थर केवढा असेल?

“कुणी मोजलाय? दरसाल मिरगाच्या आधी पांढरी माती टाकतोत. नाही टाकली की गळतंय.”

“आणि जुनी?”

“जुनी कशाला काढायची? राहती की तिथंच.”

आता हिशेब करा, कारण पुढचा सगळा प्रवास या हिशेबावर चालणार आहे. दहा फूट लांब, दहा फूट रुंद खोली. तिच्यावर दीड फूट मातीचा थर. चोपलेली माती घनमीटरला साधारण 1.7 टन भरते. म्हणजे एका खोलीवर सात टनांच्या आसपास माती, आणि खाली अंथरुणं. ही माती तोललेली असते लाकडी खांबांवर, तुळयांवर, किलचणांवर. बाजूच्या भिंती दगडाच्या, दोन-तीन फूट रुंद, आत मातीचा गिलावा आणि भराव. मे महिन्याच्या उन्हात हे घर गार राहतं, रात्री चोराला भिंत फोडता येत नाही. ज्यांनी ही घरं बांधली ते अडाणी नव्हते. त्यांनी ऊन, पाऊस आणि चोर या तिघांचा बंदोबस्त केला होता. चौथ्या शत्रूची त्यांना कुणी ओळखच करून दिली नव्हती.

कशी देणार? भूकंपाच्या धोक्याच्या त्या वेळच्या नकाशावर हा मुलूख सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. दख्खनचं पठार म्हणजे अचल, हे आपण शाळेत शिकलो. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर इथं पसरले आणि थिजले. पुढं झालेल्या भूकंपानंतर जवळच्या किल्लारी गावात खोल भोक पाडून पाहिलं, तेव्हा हे थर 338 मीटरांवर संपले आणि त्याखाली फार जुना ग्रॅनाइटी खडक लागला. ताण त्या जुन्या खडकात साठत होता. 1992 च्या पावसाळ्यापासून किल्लारीच्या आसपास लहान धक्के बसले होते, लोक घाबरले होते, आणि मग पुन्हा घरात झोपू लागले होते.

30 सप्टेंबरच्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी मी तुम्हाला त्या घरात ठेवणार नाही. तुम्ही गावाबाहेर तुरीच्या रानात आहात, वर जवळजवळ पौर्णिमेचा चंद्र. जमीन हलते, उभं राहता येत नाही. 6.2 तीव्रतेचा धक्का, तोही उथळ. गावाच्या बाजूनं जो आवाज येतो तो दगडांचा आणि लाकडांचा. त्यानंतर धुळीचा एवढा मोठा लोट उठतो की चंद्रप्रकाशातही गाव दिसत नाही.

सरकारी मोजणीत सुमारे आठ हजार माणसं गेली. काही नोंदी आकडा याहून मोठा सांगतात. सास्तूर, होळी, राजेगाव, पेठसांगवी, आणि सीमेपलीकडे लातूर जिल्ह्यातलं किल्लारी. ही माणसं मारली ती जमिनीनं नव्हे, छतानं आणि भिंतींनी. गावाच्या कडेला कूड घालून, वर पाचट टाकून राहणाऱ्या गरिबांच्या खोपटांनी माणसं मारली नाहीत. ज्याचं घर थोराचं, त्याच्या डोक्यावर माती जास्त.

नीट पाहिलं तर आणखी एक गोष्ट दिसते आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. काही घरांच्या भिंती पूर्ण कोसळल्या आहेत, पण लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभा आहे. सागाच्या जोडांनी हिसके सोसले. मातीत रचलेल्या दगडांनी सोसले नाहीत.

पुढचे महिने झरझर जाऊ देत. पावसात भिजलेले ढिगारे, पत्र्याच्या शेडांच्या रांगा, मग जागतिक बँकेच्या मदतीनं उभं राहिलेलं पुनर्वसन, 52 गावं नव्या जागी, सरळ रेषेतले रुंद रस्ते, सिमेंटची घरं. इथं जरा थांबा. नवं घर ताब्यात मिळालं तरी माणसं अंगणात झोपतात. थंडीत, डासांत, बाजेवर. आत स्लॅब आहे, तो इंजिनिअरनं तपासलेला आहे, हे त्यांना माहीत असतं. तरी झोप लागते ती उघड्यावरच.

आता इथून चाळीस वर्षं मागं आणि अर्ध्या जगापलीकडे चला, कारण हीच भीती एका माणसानं 1953 मध्ये केवळ गणितातून शोधून काढली होती. अमेरिकेतले एक विज्ञानशिक्षक, हॅल क्लेमेंट या नावानं लिहिणारे. त्यांच्या ‘मिशन ऑफ ग्रॅव्हिटी’ या कादंबरीतला मेस्क्लिन ग्रह इतक्या वेगानं फिरतो की त्याचा दिवस अठरा मिनिटांचा आहे. विषुववृत्तावर गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या तिप्पट, ध्रुवांकडे ते कित्येक शेकडो पट. तिथले रहिवासी हातभर लांबीचे, गोमेसारखे, जमिनीला चिकटून चालणारे. त्यांना उंचीची भीती वाटते आणि डोक्यावर कोणतीही जड वस्तू असण्याची त्याहून भीती वाटते. त्यांच्या घरांना भिंती असतात, वर मात्र नुसतं कापड.

ही कल्पना जगभरच्या वाचकांना विलक्षण वाटली. सास्तूरच्या शेडमध्ये बसलेल्या बाईला ती वाचून दाखवली असती, तर तिनं मान डोलावून पुढं काय म्हणून विचारलं असतं. मराठी विज्ञानकथेतला जड ग्रह धाराशिवच्या माणसांनी वसवावा असं मी म्हणतो ते याचसाठी. गुरुत्वाकर्षण हा आपल्याला परका विषय नाही. डॉ. जयंत नारळीकरांनी फ्रेड हॉईल यांच्याबरोबर गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला आणि 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारायण विनायक जगताप या नावानं पाठवलेली त्यांची पहिली कथा कृष्णविवरावर होती. आकाशातलं गुरुत्वाकर्षण आपल्या कथेत पहिल्यापासून आहे. माळवदातलं अजून यायचं आहे.

तर चला. जागा खरी आहे: एलएचएस 1140 बी, तिमिंगल तारकासमूहात, 49 प्रकाशवर्षांवर, 2017 मध्ये जाहीर झालेला ग्रह. वस्तुमान पृथ्वीच्या 5.6 पट, त्रिज्या 1.73 पट. त्रिज्येच्या वर्गानं भागा: पृष्ठभागावर गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सुमारे 1.87 पट. तिथं पायाखाली घट्ट जमीन आणि श्वासापुरती हवा आहे असं धरू. इथून पुढची वसाहत माझ्या कल्पनेतली, आकडे भौतिकशास्त्राचे.

तीनशे वर्षांनंतर तुम्ही तिथं उतरता आणि आधी खालीच बसता. उभं राहणं हे इथं काम आहे. तुमचं 60 किलोचं शरीर 112 किलोंचं वाटतं. पृथ्वीवर उभ्या माणसाचं रक्त हृदयापासून मेंदूपर्यंत चढताना पाऱ्याच्या सुमारे 22 मिलिमीटर एवढा दाब खर्ची पडतो, इथं 41. झटकन उठलात तर डोळ्यांपुढं अंधार. म्हणून वसाहतीत प्रत्येक भिंतीला हाताच्या उंचीवर दांडा आहे आणि लेकरांना चालण्याआधी पडायचं कसं ते शिकवतात. पंधरा लिटरची घागर अठ्ठावीस लिटरची वाटते, त्यामुळे डोक्यावर पाणी कुणी वाहत नाही; पाट घरात येतो. डोंगर ठेंगणे आहेत, कारण खडकाला स्वतःचं वजन पेलवायला हवं. डोंगराला गाठता येणारी कमाल उंची इथं पृथ्वीच्या साधारण निम्मी. लालसर सूर्य आभाळात एकाच जागी टांगलेला. परतीचा विचार करू नका. इथून सुटायला सेकंदाला 20 किलोमीटर वेग लागतो, पृथ्वीच्या 11.2 च्या जवळपास दुप्पट. यानाला लागणारं इंधन त्याहून कितीतरी जास्त पटींनी वाढतं.

वसाहतीचं नाव सास्तूर आहे. एक सभा चालू आहे आणि तुम्हाला मागं बसवलं आहे. विषय: घरावर माती टाकायची की नाही.

प्रश्न टाळता येत नाही. लाल बटू तारे मधूनच भडकतात आणि घातक किरणं फेकतात. हा तारा त्यांतला शांत, तरी लेकरांना आडोसा हवाच. पृथ्वीवर असताना चंद्र-मंगळावरच्या वसाहतींचे जे आराखडे आपण पाहतो, त्यांतही हाच उपाय असतो: घर बांधा आणि वर तिथलीच माती लोटा. आता पोटात खड्डा पडला असेल तर बरोबर आहे. तो आराखडा म्हणजे माळवद.

तरुण इंजिनिअर दीड फूट मातीचा प्रस्ताव मांडते. पुढं बसलेल्या आज्जी तिला एकच गोष्ट विचारतात.

“वरून सुटलं, तर माणसाला किती येळ मिळतो?”

मुलगी हिशेब सांगते. आठ फुटांवरून सुटलेला दगड पृथ्वीवर 0.7 सेकंदात खाली येतो, इथं 0.5. तिकडं आदळताना त्याचा वेग सेकंदाला सात मीटर असता, इथं साडेनऊ. खोलीवरची सात टन माती खांबांना तेरा टनांसारखी जड वाटेल. “पण आज्जी,” ती म्हणते, “जमीन आडवी हलली, तर हिसका वजनाला नाही, वस्तुमानाला बसतो. ते इथंही सात टनच. तिकडं जेवढा बसला असता तेवढाच.”

आज्जी गप्प राहतात. मग विचारतात, “मग सात टन कशाला?”

सभेचं खरं काम इथून सुरू होतं आणि तुम्ही ओळखाल की ते नवं नाही. 1993 नंतर धाराशिव-लातूरच्या उभ्या राहिलेल्या जुन्या घरांसाठी अभियंत्यांनी नेमकी हीच कामं सांगितली होती: माळवदाची माती काढून थर वीतभर करा, गळू नये म्हणून खाली प्लास्टिक अंथरा, खांब आणि तुळई जिथं भेटतात तिथं तिरके टेकू ठोका, भिंतीत आरपार जाणारे लांब दगड बसवा. साधी, स्वस्त, गवंड्याला आणि सुताराला जमणारी. मला वाटतं, त्या दुर्दैवातून या जिल्ह्यानं जगाला दिलेलं सर्वांत कामाचं ज्ञान हे होतं, आणि आपण ते अहवालांत पडू दिलं.

वसाहत ते काढून वापरते. वर वीतभर माती, तीही शिवलेल्या पिशव्यांत, सांगाड्याला बांधलेली. किरणांपासूनचा बाकीचा आडोसा डोक्यावर न घेता बाजूला: घरं जमिनीत कमरेएवढी उतरवलेली, भोवती मातीचे बांध. तारा भडकला की सगळ्यांनी जायची सामायिक कोठी डोंगराच्या पोटात कोरलेली, कमानीची. छताचं वजन सांगाड्यावर. भिंत पडली तरी ती बाहेरच्या बाजूला पडेल अशी. आणि नवी माती टाकण्याआधी जुनी काढून तोलायची, कागदावर आकडा लिहायचा, तो घराच्या दारावर लावायचा.

सगळे सहीला उठतात, तेवढ्यात मागचा एक पोरगा हात वर करतो. इथंच जन्मलेला, ठेंगणा, रुंद खांद्यांचा. त्याला घरावर माडी हवी आहे. का? “क्षितिज दिसत नाही खालून.” दोन-चार पोरं त्याच्या बाजूनं बोलतात. छत पडताना त्यांनी कधी पाहिलेलं नाही. त्यांच्या आजोळातही कुणी पाहिलेलं नाही. पृथ्वीवर पुनर्वसनाच्या नव्या गावठाणांतही पुढं असंच झालं: कुटुंबं वाढली, दिलेलं घर पुरेना, आणि काहींनी त्याला लागून पुन्हा दगडमातीत खोल्या बांधल्या. चुकीचं कुणीच नव्हतं. लेक वाढतो, सून येते, जागा लागते.

सभा तापते. कुणी म्हणतं नियम म्हणजे नियम. इंजिनिअर मुलगी मात्र पोराला विचारते, माडीवर किती माणसं, किती सामान, जिना कुठून? त्याच्याकडे चित्र आहे. आज्जी ते हातात घेतात, उलटसुलट बघतात.

“टेकू कुठंय याला?”

तो दाखवतो. एकाच बाजूला आहेत.

ठराव लिहायचं काम तुमच्याकडे येतं, कारण पाहुण्याचं अक्षर सगळ्यांना वाचता येतं. तुम्ही लिहिता: माडीचा अर्ज फेटाळलेला नाही. अर्जदारानं चारही बाजूंनी टेकू असलेला सांगाडा निम्म्या मापात बांधावा, त्यावर ठरल्या वजनाची पोती ठेवावीत, आणि सर्वांसमोर तो हलवून दाखवावा. पोती तोलायला दोन बायका आणि दोन पुरुष सभेनं नेमले आहेत. त्यांची नावं खाली लिहा.