टोनी आयोमी : सैल तारांचा हिशेब

हेवी मेटलचा उगम सांगताना एक गोष्ट हमखास येते. 1965 साली बर्मिंगहॅममधल्या पत्र्याच्या कारखान्यात, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, सतरा वर्षांच्या टोनी आयोमीच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचे आणि अनामिकेचे शेंडे यंत्रात तुटले. पुढे याच हाताने त्याने ब्लॅक सॅबथ या बँडचा आवाज घडवला; सबब तो आवाज म्हणजे अपघाताचे अपत्य. गोष्ट खरी आहे. निष्कर्ष मात्र अर्धाच टिकतो.

आयोमी डावखुरा. त्यामुळे तुटली ती नेमकी तारा दाबणारी बोटे. धीर देण्यासाठी कारखान्याच्या मॅनेजरने त्याला गिटारवादक जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. राइनहार्टची दोन बोटे 1928 च्या आगीत निकामी झाली होती. मग आयोमीने साबणाच्या प्लॅस्टिकच्या बाटलीचे तुकडे वितळवून शिंप्याच्या अंगुस्तानासारख्या टोप्या बनवल्या, घासून बोटांच्या मापाला आणल्या आणि टोकावर जुन्या जाकिटाचे चामडे चिकटवले. नुसते प्लॅस्टिक तारेवरून घसरले असते. टोपीखाली तारेचा स्पर्शच कळत नाही. दाब किती द्यायचा, हे कानाने ठरवावे लागते. म्हणून ताण कमी हवा.

तारेची वारंवारता ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते. त्यामुळे ताण कमी करायला दोन वाटा उरतात. एक, तार बारीक घ्यायची : वस्तुमान घटले की तोच स्वर कमी ताणात मिळतो. तसे बारीक संच तेव्हा दुकानात मिळत नसल्याने आयोमीने बँजोच्या तारा चढवल्या. दुसरी वाट म्हणजे सूरच उतरवणे. तीन अर्धस्वर खाली आल्यावर वारंवारता 0.84 पट होते, ताण मात्र 0.71 पट, म्हणजे सुमारे 29 टक्क्यांची सूट. सर्वांत जाड तार 82.4 हर्ट्झवरून 69.3 वर येते.

ही दुसरी वाट आयोमीने 1971 च्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’ या अल्बममधल्या काही गाण्यांत धरली, आणि प्रचलित कथा इथेच अडखळते. 1970 चे पहिले दोन अल्बम नेहमीच्याच सुरात लावलेल्या गिटारवर वाजवलेले आहेत. तरीही पहिल्या अल्बमचे शीर्षकगीत आजही छातीवर बसते. त्याची मूळ स्वरावली तीन स्वरांची : षड्ज, तार षड्ज आणि तीव्र मध्यम. यमन ऐकणाऱ्याला तीव्र मध्यमाची भीती वाटत नाही. यमनमध्ये त्या मध्यमाला पंचमाकडे किंवा गंधाराकडे वाट असते. आयोमी त्याला तिथेच अडवून ठेवतो आणि वर थरथरवतो. बासवादक गीझर बटलरने सांगितले आहे, की तो संगीतकार होल्स्टच्या ‘मार्स’ची धून वाजवून पाहत होता, त्यातून ही कल्पना निघाली. यात बोटांचा काही संबंध नाही.

दोन स्वरांच्या ‘पॉवर कॉर्ड’चे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. षड्ज-पंचमाच्या वारंवारता जवळपास 2:3 प्रमाणात असतात. ॲम्प्लिफायर मुद्दाम फाटका वाजवला, की मूळ स्वरांबरोबर त्यांच्या वारंवारतांच्या फरकाचाही स्वर उमटतो, आणि इथे तो फरक येतो 1. म्हणजे कोणी न वाजवलेला खालचा षड्ज! मध्ये गंधार घातला तर याच फरकांची गर्दी होऊन आवाज गढूळ होतो. दोन स्वरांसाठी शाबूत तर्जनी आणि करंगळी पुरेशी होती, हे खरे. पण किंक्स या बँडच्या डेव्ह डेव्हिसने हेच 1964 साली धडधाकट बोटांनी केले होते. आयोमीची सोय आणि ध्वनिशास्त्राची सोय एकाच ठिकाणी जुळली, इतकेच म्हणता येईल.

वारशाचा भाग थोडक्यात आटपतो. सूर उतरवून वाजवणे हा पुढे मेटलचा शिरस्ताच झाला, आणि तो पाळणाऱ्यांची दहाही बोटे शाबूत असतात. सॅबथच्या साऱ्या स्थित्यंतरांत कायम राहिलेला एकटा आयोमीच. 5 जुलै 2025 रोजी बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर मूळ चौघांनी शेवटचा कार्यक्रम केला, तेव्हाही गिटार त्याच्याच हाती होती.

अपघाताने त्याला बारीक तारा दिल्या आणि पुढे उतरता सूर. तीव्र मध्यम आणि तो अडवून ठेवण्याचा धीर त्याचा आणि त्याच्या साथीदारांचा, असे माझे मत. पडताळायचे असेल तर पहिल्या अल्बमचे शीर्षकगीत आणि ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’मधले ‘इन्टू द व्हॉइड’ लागोपाठ ऐका. दुसऱ्याचा सूर खाली आहे. अधिक जड कोणते, ते तुम्हीच ठरवा.