गवंड्याची शाळा

चेन्नईच्या मांबलम स्थानकावर उतरून पूर्वेच्या जिन्याने बाहेर पडले म्हणजे त्यागरायनगरची गजबजलेली बाजारपेठ लागते. पश्चिमेच्या जिन्याने उतरले म्हणजे पश्चिम मांबलमच्या अरुंद गल्ल्या. देवळे, अयोध्या मंडपम, भाजीच्या गाड्या, आणि मधूनमधून उरलेली ओटा व कौले असलेली जुनी घरे. अशी घरे पाडून त्या जागी तीनचार मजल्यांच्या इमारती उभ्या करण्याचे काम इथे सतत चालू असते.

अशाच एका कामापुढे मी एका सकाळी थांबलो होतो. वरून मिस्त्री ओरडला, "ओरम पो!" बाजूला हो, एवढाच त्याचा अर्थ. खाली घमेले घेऊन उभा असलेला पोरगा ओडिशातून नुकताच आलेला होता. त्याला तमिळ कळत नव्हते. तो बाजूला होण्याऐवजी आवाजाच्या दिशेने वर पाहू लागला. वीट त्याच्यापासून हातभर अंतरावर पडली. कोणी काही बोलले नाही. काम पुढे चालू झाले. परंतु त्या पोराला हे काम शिकवले कोणी, हा प्रश्न माझ्या मनातून जाईना.

मांबलमच्या पुढचे दुसरे स्थानक गिंडी. तेथील अभियांत्रिकी महाविद्यालयाचे मूळ १७९४ साली मायकेल टॉपिंग यांच्या पुढाकाराने सेंट जॉर्ज किल्ल्यात निघालेल्या भूमापन शाळेत आहे. प्रारंभी तिथे अवघी आठ मुले होती. कंपनी सरकारला जमीन मोजून हवी होती आणि मोजणाऱ्यांची वाण होती, म्हणून ही शाळा निघाली. गंगेच्या कालव्यासाठी माणसे तयार करण्याकरिता १८४७ साली रुडकीला महाविद्यालय निघाले, आणि १८५४ साली पुण्यात एंजिनिअरिंग क्लास आणि मेकॅनिकल स्कूल सुरू झाले. त्याचाही उद्देश सार्वजनिक बांधकाम खात्यासाठी कनिष्ठ अधिकारी घडवणे हाच होता. या संस्थांनी देशाला मोठमोठे स्थापत्यविशारद दिले, हे मान्य. पण यांतली एकही शाळा मुळात गवंड्यासाठी निघालेली नव्हती. जो मोजतो, लिहितो आणि देखरेख करतो त्याला वर्ग मिळाला. जो वीट रचतो त्याला मिळाला नाही. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी बोरीबंदरच्या स्थानकावरचे कोरीवकाम केले, हा एक सन्माननीय अपवाद. परंतु तोही नक्षीपुरताच. भिंत उभारणारा शिकला तो भिंतीपाशीच.

त्या शिक्षणाला कमी लेखू नये. बिगारी म्हणून आलेला मुलगा पहिली काही वर्षे घमेले वाहतो आणि माल कालवतो. विटा पाण्यात भिजवायच्या, कारण कोरडी वीट मालातले पाणी शोषून घेते आणि सांधा कच्चा राहतो, हे त्याला कोणी समजावून सांगत नाही. न भिजवलेली वीट मिस्त्रीने भिरकावून दिली म्हणजे त्याला कळते. पुढे थापी हाती येते, पण भिंतीच्या मधल्या भागापुरती. कोपरा धरण्याचा अधिकार मिस्त्रीचाच. तीन, चार आणि पाच हात मापाच्या दोरीने काटकोन कसा काढावा, ओळंबा वाऱ्याने हलू लागला तर किती वेळ थांबावे, वरच्या थरातला उभा सांधा खालच्या सांध्यावर का येऊ देऊ नये, या गोष्टी डोळ्यांनी चोरून शिकायच्या असतात. चुन्याच्या काळात ही रीत पुरत होती, कारण चुना हा सावकाश माणूस आहे. बैल घाणीभोवती फिरत, माल दळला जाई, आणि मद्रासच्या प्रसिद्ध गच्च्यांवर बायका दिवसचे दिवस लाकडी चोपण्यांनी चुन्याचा थर चोपत बसत. चूक झाली तर ती दिसे, आणि पुष्कळदा सुधारायला वेळही मिळे.

तरीही तेव्हा माणसे मरतच होती. बोरघाटाचा लोहमार्ग १८५६ ते १८६३ या काळात बांधला गेला. त्यात पंचवीस बोगदे आहेत. ऐन भरात बेचाळीस हजारांहून अधिक मजूर तिथे खपत होते. सुरुंग, दरडी आणि पटकी यांनी किती बळी घेतले याची धड गणतीही झाली नाही. १८५९ च्या जानेवारीत थकलेल्या मजुरीवरून मजुरांनी दंगल केली, तिची नोंद मात्र सरकारी दप्तरात नीट आहे. पुढे १८६७ साली त्याच घाटातला एक दगडी पूल ढासळला. दोष निघाला निकृष्ट दगडकामाचा. कामाची घाई, मक्तेदाराची काटकसर आणि न शिकलेला हात, ही तिन्ही एकत्र आली म्हणजे दगडसुद्धा धीर सोडतो.

चुन्यानंतर सिमेंट आले. ते प्रथम मद्रासलाच करून पाहण्यात आले ही गोष्ट फारशी ठाऊक नाही. १९०४ साली तिथे शिंपल्यांपासून सिमेंट करण्याचा प्रयत्न झाला. तो फसला, आणि १९१४ साली पोरबंदरला यशस्वी कारखाना उभा राहिला. सिमेंटाने आणि लोखंडी सळईने घर उंच केले. त्याच वेळी चूक झाकणेही सोपे केले. सळई किती अंतरावर बांधली, काँक्रीटमध्ये पाणी किती घातले, साचा कोणत्या दिवशी काढला, हे ओतकाम झाल्यावर डोळ्यांना दिसत नाही. सिमेंट कालवल्यावर अर्ध्या तासानंतर केव्हाही धरू लागते. जेवणाच्या सुटीनंतर तोच माल पुन्हा पाणी घालून वापरणारा मजूर लबाड नसतो, त्याला कोणी सांगितलेले नसते. पाहून शिकण्याची रीत इथे अपुरी पडू लागली. शिडी चार फूट उंचीला एक फूट बाहेर टेकवावी, दीड मीटरहून खोल चराच्या कडांना आधार द्यावा, परांचीच्या फळ्या दोन्ही टोकांना बांधाव्यात, कठडा लावावा, हे सारे नियम भारतीय मानकांच्या पुस्तकांत छापून तयार होते. परंतु ते पुस्तक वाचणारा परांचीवर चढत नसे, आणि परांचीवर चढणाऱ्यापर्यंत ते पुस्तक पोहोचत नसे.

कायद्याची वाटचालही याच क्रमाने झाली. १९२३ साली नुकसानभरपाईचा कायदा झाला. म्हणजे मेल्यानंतर काय द्यायचे ते आधी ठरले. १९५० साली कारागीर प्रशिक्षणाची सरकारी योजना आणि १९६१ साली शिकाऊ उमेदवारांचा कायदा आला. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत गवंडीकाम शिकवले जाऊ लागले, पण नाक्यावर रोज उभे राहणाऱ्या मजुराला त्या दारातून जाणे परवडणारे नव्हते. एक दिवस शिकणे म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडणे. तमिळनाडूने १९८२ साली अंगमेहनतीच्या कामगारांसाठी कायदा केला आणि १९९४ साली बांधकाम कामगारांचे कल्याण मंडळ स्थापन केले. दिल्लीला १९८५ पासून न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांच्या अध्यक्षतेखालील मोहीम समितीने देशव्यापी कायद्याचा पाठपुरावा केला. तो कायदा १९९६ साली झाला. सुरक्षिततेचे नियम आणि बांधकामाच्या खर्चावर एक ते दोन टक्के उपकर, अशी त्याची दोन अंगे होती. पुढे २०२० साली संसदेने मंजूर केलेल्या कामगार संहितांत त्याचा समावेश झाला. या उपकरातून जमलेला पैसा कित्येक ठिकाणी पडून राहिला, इतकेच काय पण काही ठिकाणी लॅपटॉप आणि कपडे धुण्याची यंत्रे घेण्यात गेला, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली संताप व्यक्त केला. घमेले वाहणाऱ्या बाईला लॅपटॉपचा काय उपयोग, हे न्यायमूर्तींनाही उमगले नसावे.

शिक्षणाचा एक वेगळा प्रयोग चेन्नईतच झाला. लार्सन अँड टुब्रो या उद्योगाने १९९५ साली बांधकाम कौशल्याची प्रशिक्षण संस्था तेथे काढली. साचेकाम, सळई बांधणे, गवंडीकाम आणि परांची बांधणे ही कामे तिथे प्रत्यक्ष हाताने शिकवली जाऊ लागली. परांची हा स्वतंत्र धंदा मानून शिकवला जावा, हे मला विशेष वाटते. आपल्याकडे ती पिढ्यान् पिढ्या ज्याला वेळ असेल त्याने बांधायची वस्तू होती.

पण शिकलेला हात सर्व संकटे टाळील असे मानणे भोळेपणाचे होईल. २८ जून २०१४ रोजी चेन्नईच्या पश्चिमेस पोरूरजवळ मौलिवाक्कम येथे बांधली जात असलेली अकरा मजली इमारत पावसात कोसळली. एकसष्ट माणसे गेली. त्यांत आंध्र आणि ओडिशाचे मजूर पुष्कळ होते. तिथे खांबच भार पेलण्याजोगे नव्हते. कोणत्याही गवंड्याच्या ओळंब्याने ते सावरले नसते. त्याच्या आदल्या वर्षी, ४ एप्रिल २०१३ रोजी, ठाण्याजवळ शिळफाट्याला अशीच इमारत पडली आणि चौऱ्याहत्तर जण दगावले. मजूर आणि त्यांची मुलेबाळे त्याच अर्धवट इमारतीत राहत होती. शिकवायचे ते केवळ खालच्या माणसाला, हा जुनाच भ्रम उलट बाजूने पुन्हा मनात येऊ नये म्हणून हे सांगितले. मात्र खांब बाक देत असला, भिंतीला तिरकस भेग पडत असली, तर ती प्रथम पाहतो तो खालचाच माणूस. तिचा अर्थ त्याला कळणे आणि काम थांबवा असे म्हणण्याची त्याला मुभा असणे, या दोन्ही गोष्टी लागतात. दुसरी कोणत्याही वर्गात शिकवता येत नाही.

तमिळनाडूत मिस्त्रीला 'कोत्तनार' म्हणतात आणि त्याच्या हाताखालच्या स्त्रीला 'सित्ताळ', म्हणजे लहान कामकरी. आपल्याकडच्या वडार बायकांप्रमाणे तीही वीस-तीस वर्षे माल वाहते आणि गवंडी कधीच होत नाही. अहमदाबादला 'सेवा' या संघटनेने बांधकामावरच्या स्त्रियांसाठी 'कर्मिका' ही शाळा काढली, आणि तिथे त्या गवंडीकाम, गिलावा, फरशी बसवणे शिकू लागल्या. पश्चिम मांबलमच्या त्या कामावर त्या दिवशी तीन स्त्रिया होत्या. त्यांतल्या वयस्क बाईने त्या ओडिया पोराच्या दंडाला धरून त्याला भिंतीपासून दूर नेले, बोटाने वर दाखवले, मग जमिनीवरची वीट दाखवली, आणि "ओरम पो" हे शब्द त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतले. मग डोक्यावरची चुंबळ नीट केली आणि ती मालाच्या ढिगाकडे निघून गेली.